उशिरा पेटलेल्या ट्यूबा : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

एखादी साधी गोष्ट अनेक वर्षं डोळ्यांसमोर असते, एक दिवस अचानक कळते, आणि मग एक चेहरा : डोळे विस्फारलेला, सुन्न किंवा नुसताच कॅमेऱ्याकडे बघणारा. चेहऱ्यावर एक ओळ. या जातीच्या मीमसाठी ओळी कशा लिहायच्या, याबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेतले आहेत.

प्रश्न : मी ओळ लिहिली ती अशी : 'जेव्हा तुम्हाला अचानक कळतं की गाडीत पेट्रोलच्या काट्याशेजारी असलेला छोटा बाण टाकीचं झाकण कुठल्या बाजूला आहे ते दाखवतो.' पुढे हसणारे तीन चेहरे (इमोजी). खाली आश्चर्यचकित माणसाचा फोटो. कोणी हसलं नाही. काय चुकलं?

उत्तर : ओळीत माहिती आहे, माणूस नाही. बाण काय दाखवतो हे वाचून वाचक फार तर 'अरे वा' म्हणेल. हसू येतं ते बाण दिसायच्या आधी हा माणूस इतकी वर्षं पंपावर काय करत होता त्याचं. म्हणून पहिला प्रश्न स्वतःला हा विचारायचा : हे माहीत नसल्यामुळे हातून कोणता वेडेपणा घडत होता? तो वेडेपणा डोळ्यांना दिसला पाहिजे. मान वळवणं, खाली उतरणं, गाडी पुन्हा फिरवून लावणं, असं काहीतरी.

तुमचीच ओळ टप्प्याटप्प्यानं बदलून बघू. 'जेव्हा तुम्हाला अचानक कळतं की' हे आधी काढून टाका. मराठीत असं कोणी बोलत नाही, आणि ओळीतले पहिले पाच शब्द फुकट जातात. उरतं ते असं :

'पेट्रोलच्या काट्याशेजारचा बाण टाकीची बाजू दाखवतो, हे आज कळलं.'

स्वच्छ आहे, पण माहितीपुस्तिकेतलं वाक्य वाटतं. आता वेडेपणा आत आणा :

'पंपावर खिडकीतून मान बाहेर काढून झाकण शोधण्यात 9 वर्षं गेली. बाण समोरच होता.'

इथे मीम तयार झालं. मान बाहेर काढलेला माणूस दिसतो, 9 वर्षं दिसतात, आणि फटका शेवटच्या तीन शब्दांत आहे. बाण काय दाखवतो हे सांगितलेलंच नाही. ज्याला माहीत आहे तो हसतो, ज्याला नाही तो उठून गाडीत बघून येतो आणि मग हसतो. अजून एक पाऊल पुढे जायचं असेल तर बाणालाच बोलायला लावा :

'9 वर्षं पंपावर मान बाहेर काढून झाकण शोधतोय.
बाण : मी काय इथे शोभेला बसलोय?'

शेवटच्या दोन्ही चालतील. आमचं मत 'बाण समोरच होता' हिला, कारण ती सुन्न चेहऱ्याखाली चांगली बसते. बाण बोलतो तिला वैतागलेला चेहरा लागेल.

हसणारे तीन चेहरे मात्र काढा. स्वतःच्या विनोदाला स्वतःच आधी हसून दाखवल्यासारखं होतं ते.

जाता जाता : या बाणाची सूचना फोर्ड कंपनीतल्या जिम मॉयलन यांनी 1986 मध्ये दिली. पावसात गाडी चुकीच्या बाजूला लावली गेली आणि ते भिजले, एवढंच निमित्त. सगळ्याच गाड्यांत हा बाण नसतो. आणि पंपाच्या चित्रातली नळी ज्या बाजूला, त्या बाजूला झाकण, ही समजूत चुकीची आहे. ओळ त्या समजुतीवर लिहू नका.

प्रश्न : 'आय वॉज टुडे इयर्स ओल्ड', म्हणजे 'हे मला आजच कळलं', हे इंग्रजीत खूप चालतं. मराठीत त्याला काय म्हणावं?

उत्तर : शब्दाला शब्द ठेवलात तर 'मी आज वर्षांचा होतो' असं होतं, आणि फॉर्म भरताना चुकल्यासारखं वाटतं. इंग्रजीतली गंमत आकड्याच्या जागी 'आज' बसवण्यात आहे. आपल्याकडे वाक्याची ती चौकटच नाही, त्यामुळे मोडल्याची मजाही येत नाही. आपल्या चौकटी वेगळ्या आहेत, त्या मोडा.

'वय वर्षे 43. आज कळलं.' ही सगळ्यात कोरडी आणि बहुधा सगळ्यात टिकाऊ. 'वय वर्षे' म्हटलं की बातमी किंवा अर्ज आठवतो, आणि त्या गंभीर थाटापुढे शोध आणखी क्षुल्लक ठरतो. 'ट्यूब पेटली. 17 वर्षं लागली.' हीही चालते. 'साक्षात्कार' हा शब्द तर मराठीत अशा कामासाठीच ठेवल्यासारखा आहे, फक्त त्याच्यापुढे येणारी गोष्ट अगदी फालतू हवी : 'साक्षात्कार : खुर्चीची उंची खाली-वर होते.'

म्हणी वापरायच्या तर अख्खी म्हण चिकटवू नका. 'काखेत कळसा, गावाला वळसा' असं पूर्ण लिहिलं की वाचक तिसऱ्या शब्दाला डोळे पुढे सरकवतो. तिला फोडा : 'कळसा काखेतच होता. वळसा मात्र साग्रसंगीत झाला.' 'बैल गेला आणि झोपा केला' ही म्हण तर स्वतःच एक उशिरा लागणारा शोध आहे. त्यातल्या 'झोपा'चा झोपेशी काही संबंध नाही. झोपा म्हणजे गोठ्याचं दार. बैल पळून गेल्यावर दार बसवलं, असा सरळ अर्थ. शाळेपासून बैलाच्या काळजीनं झोप उडाली की लागली याचा विचार करणारे पुष्कळ आहेत. ओळ अशी होऊ शकेल : 'बैल गेल्यावर माणूस झोपला कसा, या विचारात 30 वर्षं गेली. तो दार बसवत होता.'

आकड्यांबद्दल एक. 10 किंवा 20 लिहिलं की अंदाज वाटतो, 9 किंवा 17 लिहिलं की माणसानं बसून मोजलंय असं वाटतं. चित्रावर आकडा अंकातच लिहा. नजर आधी त्याच्यावर जाते.

प्रश्न : ओळ 'मी' वापरून लिहिली की ती पुरुषाची किंवा बाईची होते. मग अर्धे लोक ती स्वतःची म्हणून पुढे पाठवत नाहीत. काय करावं?

उत्तर : 'शोधत होतो', 'शोधत होते' टाळून 'शोधण्यात 9 वर्षं गेली' करा. 'मला कळलं', 'माझ्या लक्षात आलं', 'डोक्यात प्रकाश पडला' यांतही लिंग अडत नाही. क्रियापद वर्षांना किंवा वस्तूला जोडलं की प्रश्न सुटतो. मात्र दर वेळी सोडवायची गरज नाही. ओळ एका ठरावीक माणसाच्या तोंडची असेल तर 'शोधतोय' किंवा 'शोधतेय' हेच जास्त जिवंत असतं.

प्रश्न : एकाच शोधावर दोन वेगवेगळे चेहरे लावून बघितले. एकावर लोक हसले, दुसऱ्यावर नाही. ओळ तीच होती.

उत्तर : म्हणूनच. चेहरा कोणाचा आहे हे आधी ठरवायचं आणि मग ओळ लिहायची. या मीममध्ये चेहऱ्याचे तीन मालक असू शकतात : ज्याला आता कळलं तो, जी वस्तू इतकी वर्षं वाट बघत होती ती, आणि ज्याला आधीपासून माहीत होतं पण जो गप्प बसला तो.

उदाहरणाला मापाची टेप घेऊ. तिच्या टोकाला पत्र्याची आकडी असते आणि ती थोडी मागेपुढे हलते. ती सैल झालेली नसते. आकडीच्या पत्र्याची जेवढी जाडी तेवढीच ती हलते. फळीच्या कडेला अडकवून ओढलं की आकडी बाहेर सरकते, पेटीच्या आत भिंतीला टेकवून दाबलं की आत सरकते, आणि दोन्ही वेळा माप बरोबर येतं. कोणी ती ठोकून घट्ट केली तर बाहेरचं किंवा आतलं, एक माप कायमचं चुकणार.

पहिला मालक, सुन्न चेहरा : 'आकडी हलते म्हणून ठोकून ठोकून घट्ट केली. ती हलण्यासाठीच होती.'

दुसरा मालक, वैतागलेलं मांजर : 'टेप : ठोक बाबा. प्रत्येक फळी आखूड पडली की बोलू.'

तिसरा मालक, ओठ दाबून हसणारा चेहरा : '"तुम्हालाही माहीत नव्हतं ना?" असं विचारलं जातं तेव्हा.'

पहिली ओळ मांजरावर टाकून बघा, मेली. तुमच्या बाबतीत बहुधा हेच झालं. आणखी एक : जो भाव चेहऱ्यावर दिसतोय तो ओळीत लिहायचा नाही. तोंड उघडं पडलेल्या माणसावर 'मी शॉकमध्ये' लिहिणं म्हणजे पाऊस पडत असताना पाऊस पडतोय म्हणून ओरडणं.

चेहरा निवडताना रस्त्यात काढलेला अनोळखी माणसाचा फोटो घेऊ नका, मित्राचा असेल तर विचारून घ्या. प्राणी, पुतळे, स्वतः काढलेलं चित्र यांत भांडण नाही. घुबडाचा चेहरा या विषयाला इतका चपखल बसतो की कधी कधी ओळीची गरजच पडत नाही.

प्रश्न : चित्रावर मराठी अक्षरं नीट बसत नाहीत. काळी किनार दिली की अक्षरांच्या मध्ये रेघा येतात, वरच्या मात्रा कापल्या जातात, कधी वेलांटी भलतीकडे जाते.

उत्तर : तीन वेगळे दोष आहेत, तिघांची कारणंही वेगळी.

रेघा येतात त्या शिरोरेषेमुळे. देवनागरी अक्षरं शिरोरेषेवर एकमेकांना चिकटतात. किनार प्रत्येक अक्षराला स्वतंत्र मिळाली की एकाची काळी कड शेजारच्याच्या पांढऱ्या भागावर चढते आणि रेषा तुटते. उपाय दोन. किनार अक्षराच्या मागच्या थरात ठेवा : तोच मजकूर दोनदा घ्या, खालचा काळा आणि 6 ते 8 पिक्सेल किनारीचा, वरचा पांढरा, बिनकिनारीचा. किंवा किनार सोडून द्या आणि चित्राच्या वर सपाट पट्टी घेऊन त्यावर लिहा. पट्टी जास्त वाचनीय, आमचा कल तिकडेच. अक्षरांतलं अंतर शून्य ठेवा. वाढवलं की शिरोरेषा तुकड्या-तुकड्यांनी दिसते.

मात्रा कापल्या जातात कारण ओळींमधलं अंतर रोमन अक्षरांच्या हिशोबानं असतं. आपल्याला वर मात्रा-रफार आणि खाली उकार, दोन्हीकडे जागा लागते. अक्षराच्या आकाराच्या 1.4 ते 1.5 पट अंतर ठेवा. 1080 बाय 1350 पिक्सेलच्या चित्रावर अक्षर 64 ते 80 पिक्सेल, कडेला निदान 60 पिक्सेल मोकळे, आणि मजकूर तीन ओळींच्या आत.

वेलांटी पळते किंवा जोडाक्षरं फुटतात तेव्हा दोष सॉफ्टवेअरमधल्या मजकूर-मांडणीचा असतो. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत परिच्छेदाच्या पर्यायांत 'वर्ल्ड-रेडी लेआउट' निवडावं लागतं. नवीन अ‍ॅप घेतलं की आधी 'दुसऱ्याच्या', 'उद्ध्वस्त' आणि 'किर्र' हे तीन शब्द लिहून बघा. तिन्ही नीट आले तर बाकीचं येतंच.

जुन्या मीमवरचा जाड पांढरा ठसा म्हणजे इम्पॅक्ट नावाचा फॉन्ट, जेफ्री ली यांनी 1965 मध्ये केलेला. त्यात देवनागरी नाही. तो निवडून मराठी टाइप केलं की अ‍ॅप गुपचूप दुसरा, बहुधा बारीक फॉन्ट घालतं आणि ओळ अशक्त दिसते. बलू, पॉपिन्स, नोटो सान्स देवनागरी यांची जाड वजनं फुकट मिळतात, ती घ्या.

शेवटी चित्र अंगठ्याएवढं करून वाचा. पाठवताना चित्र दाबलं जातं, तेव्हा पहिला बळी अनुस्वाराचा. 'कळलं'चं 'कळल' झालं की फटक्याचाच शब्द लंगडतो. 'कळले' लिहून सुटका करून घेऊ नका, पुस्तकी वाटतं. अक्षर मोठं करा.

प्रश्न : मीम की मेमे?

उत्तर : मीम. जीवशास्त्रज्ञ रिचर्ड डॉकिन्स यांनी हा शब्द 1976 मध्ये ग्रीक शब्दावरून घडवला, 'जीन'शी (म्हणजे जनुकाशी) यमक जुळेल असा. बरीच वर्षं मेमे म्हणत असाल तर तुमची पहिली ओळ तयार आहे.

प्रश्न : 'खरा उपयोग 99 टक्के लोकांना माहीत नाही' अशा यादीतून मी शोध घेते. एकावर कोणीतरी 'हे खोटं आहे' लिहिलं आणि सगळी मजा गेली.

उत्तर : जाणारच. या मीमचा पाया म्हणजे 'खरंच की!' तो गेला की उरतं ते नुसतं तोंड उघडं पडलेलं चित्र. 'खरा उपयोग' आणि '99 टक्के' हे दोन शब्दच धोक्याची खूण समजा. पेयाचा डबा उघडायची चावी फिरवून तिच्या भोकात स्ट्रॉ अडकवायची, हा त्या चावीचा मूळ उद्देश नाही. तसं करता येतं, एवढंच. कढईच्या दांड्याचं भोक टांगण्यासाठी असतं, चमचा खोचण्यासाठी केलेलं नाही.

याउलट पेनाच्या टोपणाच्या टोकाचं भोक पक्कं आहे. टोपण चुकून घशात गेलं तर हवा जायला वाट राहावी म्हणून ते असतं. बिक कंपनीनं ते 1991 पासून द्यायला सुरुवात केली आणि टोपणांसाठी आयएसओ 11540 हे मानकही आहे. कुलपाच्या बुडातलं छोटं भोक पाणी निथळायला असतं, आणि तिथून तेलाचा थेंबही सोडता येतो.

तपासायची रीत सोपी : वस्तू हातात घ्या आणि करून बघा. मग बनवणाऱ्याचं माहितीपत्रक वाचा. दोन्ही जुळलं तर लिहा. सगळ्यांत भरवशाचे शोध संगणकातले, कारण वाचक पाच सेकंदांत खात्री करू शकतो. विंडोजमध्ये विंडोजची कळ आणि व्ही एकत्र दाबलं की आधी कॉपी केलेल्या 25 पर्यंत गोष्टींची यादी उघडते. पहिल्यांदा ती सुरू करून घ्यावी लागते. 2018 पासून ही सोय आहे. ओळ : 'आधीचं कॉपी केलेलं हरवू नये म्हणून नोटपॅडमध्ये चिकटवून ठेवण्यात 6 वर्षं गेली.' शोध काय आहे ते खाली प्रतिक्रियांत सांगा.

वीज, गॅस, औषधं यांबद्दलचे 'शोध' मीममध्ये घेऊच नका. कोणीतरी करून बघतं.

प्रश्न : दर वेळी कोणीतरी लिहितं, 'हे तर लहान पोरांनाही माहीत आहे.' उत्तर काय द्यावं?

उत्तर : काही नको. ते मीमचं काम झाल्याचंच लक्षण आहे, तिसऱ्या मालकाचा चेहरा स्वतःहून हजर झाला. फक्त ओळ अशी हवी की माहीत असलेल्यालाही हसू यावं, म्हणजे पुन्हा वेडेपणाच्या चित्राकडे. कीबोर्डवर एफ आणि जे या कळांवर उंचवटे असतात, न बघता बोटं जागेवर ठेवता यावीत म्हणून. इनस्क्रिप्ट या कीबोर्ड-मांडणीवर मराठी टाइप करणाऱ्याला तिथेच पहिली वेलांटी आणि र सापडतात. हे टंकलेखन शिकलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. तरीही 'दोन कळांवर चिकटलेली घाण 2 वर्षं नखानं खरवडली. घाण नव्हती.' यावर तेही हसतील.

प्रश्न : कुटुंबाच्या ग्रुपवर मीम टाकलं आणि एक ज्येष्ठ नाराज झाले. त्यांना वाटलं, टोमणा त्यांनाच.

उत्तर : 'काही लोकांना अजून माहीत नाही' अशा सुरुवातीच्या ओळीत तो टोमणा असतोच. वेडेपणा स्वतःच्या नावावर घ्या. आकडाही स्वतःच्या वयाला शोभेल असा ठेवा. विशीतल्या माणसानं '40 वर्षं' लिहिलं की वाचणारा लगेच शोधतो, घरात 40 वर्षं कोणाची झाली. आता आधी त्यांना फोन करा, स्पष्टीकरण ग्रुपवर टाकू नका.

प्रश्न : एकाच चेहऱ्यावर दहा ओळींची मालिका करायची आहे. तीनच्या पुढे सुचत नाही.

उत्तर : डोक्यात शोधू नका, अंगावर आणि टेबलावर शोधा. ज्या वस्तूवर कारण न कळणारं भोक, उंचवटा, खिसा किंवा खाच आहे, ती बाजूला काढा. अर्ध्या तासात पंधरा-वीस मिळतात. त्यातल्या निम्म्यांचं कारण कंटाळवाणं निघतं, चारेक खोटी निघतात, उरलेल्यांवर दोन-दोन ओळी लिहिल्या की पुरतात.

जीन्सच्या पुढच्या खिशातला इवलासा खिसा घ्या. रिव्हेटच्या पँटचं, म्हणजे जीन्सचं, पेटंट 1873 चं, आणि त्या काळी घड्याळ मनगटावर नसून खिशात असे. तो खिसा घड्याळाचा. ओळ : 'यात बोट अडकवून "हा कशासाठी?" असं विचारण्यात 21 वर्षं गेली. घड्याळात बघितलं असतं तर.'

किंवा बुटाच्या सगळ्यात वरचं, जरा मागे सरकलेलं जादा भोक. नाडी बाहेरून आत त्याच बाजूच्या भोकात घालायची म्हणजे छोटा फास तयार होतो. दोन्ही बाजूंना तसं करून प्रत्येक नाडी समोरच्या फासातून ओढायची आणि मग गाठ मारायची. टाच घट्ट बसते, कमी घासते, फोड यायची शक्यता कमी होते. यावर ओळी दोन सुचतात. सुन्न चेहऱ्याला : 'टाचेला पट्ट्या चिकटवण्यात 8 वर्षं गेली. भोक बुटातच होतं.' बुटाच्या चेहऱ्याला : 'बूट : पट्टी लाव, पट्टी.' मालिकेत दुसरी आधी टाका.